बाजारच बघायचा तर इतक्या लांब कशाला?

कराडजवळच्या एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. ओळख कळू नये म्हणून थोडे तपशील बदलून सांगते. वय ६२, शाळेतून निवृत्त. यजमान ६७ वर्षांचे, महसूल खात्यातून मंडळ अधिकारी म्हणून निवृत्त झालेले. एकुलती मुलगी सहा वर्षांपासून इंग्लंडमध्ये रेडिंगला नोकरी करते. येत्या जूनमध्ये हे दोघं पहिल्यांदाच परदेशी निघालेत, तीन आठवड्यांसाठी. त्यातला अख्खा एक आठवडा मुलीने डॉर्सेट परगण्यातल्या ब्रिडपोर्ट नावाच्या लहान गावात घर भाड्याने घेतलंय. "तिथे आठवड्याचा बाजार भरतो, समुद्र जवळ आहे, शेतांतून फिरता येतं," एवढंच ती फोनवर म्हणाली. यजमानांचं डोकं तेव्हापासून फिरलंय. "बाजार, समुद्र आणि शेतंच बघायची तर इथे काय कमी आहे?" शेजारचं जोडपं गेल्या वर्षी अकरा दिवसांत सात देश करून आलं. यजमानांना ब्रिडपोर्ट रद्द करून त्या आठवड्यात पॅरिस-स्वित्झर्लंडची सहल हवी आहे. ताईंचे गुडघे दुखतात, घरात कोणी अंडंही खात नाही, आणि लहान गावात लोक आपल्याकडे टकामका बघतील याचं दडपण आहे. पत्राच्या शेवटी दोन ओळी आहेत: "तिला आमची लाज तर वाटत नसेल ना? चारचौघांत न्यायला नको म्हणून आडगावी ठेवतेय का? मी कोणाची बाजू घेऊ?"

ताई,

यजमानांच्या रागावर तुम्ही दीड पान लिहिलंत आणि ही शंका शेवटच्या दोन ओळींत, तीही बारीक अक्षरात. मला वाटतं, झोप त्या दोन ओळींनीच उडवली आहे. म्हणून आधी तिच्याबद्दल.

इंग्लंडमध्ये पूर्णवेळ नोकरी करणाऱ्याला कायद्याने वर्षाला किमान २८ दिवस पगारी रजा मिळते, आणि बऱ्याच ठिकाणी सणावाराच्या सार्वजनिक सुट्ट्याही त्यातच मोजतात. त्यातून सलग एक आठवडा काढायचा म्हणजे वर्षभराच्या रजेतला मोठा घास. आईवडिलांना दूर ठेवायचं असतं, तर तुमच्या यजमानांना हवीय तशीच सहल तिने आनंदाने काढून दिली असती. पैसे भरले, विमानतळावर सोडलं, काम झालं. इथे ती स्वतः सात दिवस एका छपराखाली तुमच्यासोबत राहणार आहे. सकाळचा चहा, संध्याकाळचं जेवण, मधला सगळा वेळ. लाज वाटणारं लेकरू असं करत नाही, असं मला वाटतं. पण हा माझा अंदाज झाला. तिच्या मनातलं तिलाच ठाऊक. तुम्ही तिला अजून एकदाही विचारलेलं नाही, "हेच गाव का गं निवडलंस?" पत्रात दोन वेळा "तिने सांगितलं नाही" असं आलंय, "मी विचारलं" असं कुठेही नाही.

विचारा. आवाजात तक्रार न आणता विचारा. कदाचित ती आधी तिथे जाऊन आली असेल आणि तुमची आठवण आली असेल. कदाचित वर्षभर लोकलच्या गर्दीत उभी राहून तिलाच शांत आठवडा हवा असेल, आणि तो तुमच्याबरोबर हवा असेल. उत्तर काहीही आलं तरी, तुम्ही रात्री मनात रचताय त्यापेक्षा ते खरं असेल.

आता यजमानांचा प्रश्न. "बाजारच बघायचा तर इतक्या लांब कशाला?" हा प्रश्न मला रास्त वाटतो, टाळण्यासारखा नाही. त्याचं उत्तर मी जरा सविस्तर देते, कारण तीन वर्षांपूर्वी मी बहिणीबरोबर या गावात सहा दिवस राहिले आहे. शिवाय मुलंबाळं परदेशी असलेल्या अनेक घरांत आज हीच ओढाताण चालू आहे.

ब्रिडपोर्ट हे दोरांचं गाव. त्याची सगळी ओळख दोरखंड आणि जाळी यांतून झाली. आजूबाजूच्या शेतांत जवस आणि भांगेच्या जातीचं वाखाचं पीक निघायचं, आणि घराघरांत सूत कातून दोर वळले जायचे. १२१३ मध्ये इंग्लंडच्या जॉन राजाने आपल्या जहाजांसाठी ब्रिडपोर्टकडे दोरखंडांची मागणी केली. १२५३ मध्ये गावाला राजाची सनद मिळाली. गावात उभं राहिलं की रस्ते एवढे रुंद कसे, असा प्रश्न पडतो. दोर पसरायला आणि वाळवायला ही रुंदी लागायची, असं तिथले लोक सांगतात. मुख्य रस्त्यावरच्या घरांच्या मागे लांबच लांब, चिंचोळ्या बोळासारख्या जागा आहेत. कातणारा माणूस कमरेला वाख गुंडाळून, त्यातून धागा सोडत, या बोळांतून पाठमोरा मागे मागे चालत जायचा. दोर जेवढा लांब हवा तेवढा बोळ लांब.

तुमच्या यजमानांनी लहानपणी घरी अंबाडीचा किंवा घायपाताचा वाख काढलेला, त्याला पीळ देताना दुसऱ्या टोकाला धरून बसलेला माणूस, पोळ्याच्या आधी बैलांसाठी वळलेले नवे कासरे, हे पाहिलं असणार. त्यांच्या पिढीत सातारा-सांगलीकडच्या शेतकरी घरांतल्या बहुतेकांनी पाहिलंय. ज्याने हे पाहिलंय त्याला ब्रिडपोर्टच्या त्या बोळात उभं राहून जे दिसेल, ते तिथे फोटो काढायला आलेल्या दुसऱ्या कोणाला दिसणार नाही. साउथ स्ट्रीटवर गावाचं लहानसं संग्रहालय आहे, त्यात दोर आणि जाळ्यांचा सगळा इतिहास मांडलेला आहे. दोरखंडांच्या जोडीने इथे मासेमारीची जाळी होत, आणि ती विणायचं काम बायका घरी बसून करत, अगदी विसाव्या शतकातही. १९६६ च्या फुटबॉल विश्वचषकात वेम्ब्लीच्या मैदानावर गोलच्या खांबांना लावलेली जाळी या गावातली होती.

एक गोष्ट यजमानांना जरूर सांगा. जुन्या काळी तिकडे फाशी गेलेल्या माणसाबद्दल "त्याला ब्रिडपोर्टची कट्यार लागली" असं म्हणत, कारण फासाचा दोर इथला असायचा. सोळाव्या शतकात जॉन लेलँड नावाचा विद्वान देशभर फिरून नोंदी करत होता. त्याने हे ऐकलं आणि सरळ लिहून ठेवलं की ब्रिडपोर्टमध्ये चांगल्या कट्यारी बनतात. गावात उभं राहून कोणाला न विचारता लिहिलं की असं होतं. चाळीस वर्षं जागेवर जाऊन पंचनामे केलेल्या माणसाला याची गंमत नक्की कळेल.

बाजार बुधवारी आणि शनिवारी भरतो, रस्त्याच्या दोन्ही कडांना. भाजी, पाव, चीज, फुलझाडांची रोपं, आणि शनिवारी विशेषतः जुन्या वस्तू: पितळेची कुलपं, सुताराची हत्यारं, फुटक्या संचातल्या उरलेल्या बशा. इथे एक व्यवहाराची गोष्ट. अशी सुट्टीची घरं बहुधा शनिवार ते शनिवार किंवा शुक्रवार ते शुक्रवार मिळतात आणि घराचा ताबा दुपारी उशिरा देतात. बाजार मात्र सकाळी भरून दुपारी लवकर आवरतो. शनिवारी दुपारी पोचलात तर हातगाड्या आवरताना दिसतील. तेव्हा बुधवारची सकाळ मोकळी ठेवा. भाजीला घासाघीस करत नाहीत, जुन्या वस्तूला "यापेक्षा कमी होईल का" एवढं हसून विचारलं तर कोणी वाईट मानत नाही.

मला तिथे एका टेबलावर लाकडाची चपटी, चोचीसारखी वस्तू दिसली. कशाची ते कळेना. शेजारी उभ्या असलेल्या म्हाताऱ्या बाईंनी ती माझ्या हातातून घेतली, हवेतच दोन गाठी मारून दाखवल्या आणि म्हणाल्या, आई याच्यावर जाळी विणायची. जाळं विणायची सुई होती ती. पॅरिसला मनोऱ्याखाली उभी राहिले तेव्हा अशी कोणी माझ्या हातातून वस्तू घेतली नव्हती. मोठ्या शहराला मी नावं ठेवत नाही. पॅरिस सुंदर आहे, मी पुन्हा जाईन. पण तिथे आपण फक्त बघणारे असतो. बाजारगावात पिशवी घेऊन उभं राहिलं की आपण गिऱ्हाईक होतो. गिऱ्हाइकाशी लोक बोलतात. आणि ताई, तुम्हा दोघांनी आयुष्यभर आठवड्याचा बाजार केलाय. त्या रस्त्यावर चांगला फ्लॉवर कुठला आणि कालचा कुठला, हे तुमच्या मुलीपेक्षा तुम्हाला जास्त कळेल. परदेशी गेलेल्या आईवडिलांना सगळीकडे लेकराचं बोट धरून चालावं लागतं: तिकीट ती काढणार, रस्ता ती विचारणार, पैसे ती देणार. एक सकाळ तरी तुम्ही पुढे आणि ती मागे असेल.

यजमानांसाठी अजून एक आहे, आणि मला वाटतं हेच त्यांना सर्वांत जास्त आवडेल. मंडळ अधिकारी म्हणून त्यांची निम्मी नोकरी बांध आणि वहिवाटीच्या रस्त्यांच्या भांडणात गेली असणार. मामलेदार कोर्टाचा १९०६ चा कायदा, महसूल संहितेचं कलम १४३, अडवलेल्या पाणंदी, स्थळपाहणी. इंग्लंडात वहिवाटीच्या पायवाटा खाजगी शेतांतून, उभ्या पिकांतून, गोठ्याच्या अंगणातून जातात आणि त्यावरून चालायचा हक्क कोणालाही असतो. १९४९ च्या कायद्याने प्रत्येक परगण्याला या वाटा नकाशावर अधिकृतपणे नोंदवायला लावल्या. नकाशात आली म्हणजे वाट पक्की, शेतकऱ्याला ती नांगरून बुजवता किंवा कुलूप लावून अडवता येत नाही. वाटेच्या तोंडाशी लाकडी खांब असतो, त्यावर पिवळा बाण. मी त्या वाटांवर चालले ती मोकळ्या हवेसाठी. तुमचे यजमान चालतील तेव्हा ते खांब, कुंपण, फाटक, नकाशावरची तुटक रेघ यातून त्यांना एक अख्खी व्यवस्था वाचता येईल. मुलीला सांगा, त्या भागाचा सर्वेक्षण खात्याचा मोठ्या प्रमाणाचा कागदी नकाशा घेऊन ठेव आणि बाबांच्या हातात दे. फोनवरचा नको. त्यांना नकाशा पसरून बोटाने वाट शोधू दे.

तुमच्या गुडघ्यांना झेपेल अशी वाट गावातूनच निघते. ब्रिट नावाच्या लहान नदीच्या कडेने, कुरणांतून, अडीचेक किलोमीटरवर वेस्ट बे हे बंदर आहे. जवळजवळ सपाट चाल. येताना बसने या. जवळच गोल्डन कॅप नावाचा कडा आहे, १९१ मीटर, इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरचा सर्वांत उंच. तिथे यजमान आणि लेक जाऊ द्या, तुम्ही हट्ट धरू नका. वाटेत गुरं चरत असतात. गाय आणि वासराच्या मधून जायचं नाही आणि फाटक होतं तसं लावायचं, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

वेस्ट बेला आधी ब्रिडपोर्ट हार्बरच म्हणत. १८८४ मध्ये रेल्वे तिथवर पोचली आणि पाहुणे यावेत म्हणून रेल्वेने जागेचं नावच बदललं. ती रेल्वे आता नाही, ब्रिडपोर्टचा फाटा १९७५ मध्ये बंद झाला. लंडनहून यायचं तर डॉर्चेस्टर किंवा ॲक्समिन्स्टरपर्यंत गाडी आणि पुढे बस. साठीच्या पुढच्यांना ज्येष्ठांचं रेल्वे कार्ड मिळतं, त्यावर तिकिटात एक तृतीयांश सूट असते. पाहुण्यांनाही ते काढता येतं. २०२५ च्या जानेवारीपासून इंग्लंडातल्या बहुतेक बसना एका फेरीला जास्तीत जास्त तीन पौंड अशी मर्यादा आली आहे, तुमच्या वेळी ती चालू आहे का ते लेकीला बघायला सांगा. आणि शेवटच्या बसची वेळ दुपारीच बघून ठेवा. मी ठेवली नव्हती. जूनमध्ये रात्री नऊ-साडेनऊपर्यंत उजेड असतो, त्या उजेडाने मला फसवलं. थांब्यावर गेले तर बस जाऊन तास झाला होता. रविवारी तर बसगाड्या आणखी विरळ.

समुद्राबद्दल मात्र मी स्पष्ट सांगते. गणपतीपुळ्यासारखी वाळूची उतरण मनात धरून जाऊ नका. वेस्ट बेपासून पूर्वेला चेसिलचा किनारा सुरू होतो, सुमारे २९ किलोमीटर लांब गोट्यांचा बांध. गोटे या टोकाला वाटाण्याएवढे असतात आणि पोर्टलंडच्या टोकाला मुठीएवढे होत जातात. रात्रीच्या अंधारात होडी कुठे लागली हे कोळी गोटा हातात घेऊन ओळखत, असं म्हणतात. दिसायला विलक्षण, पण पाणी काठाशीच एकदम खोल होतं आणि परतणारी लाट पाय ओढते. त्या पाण्यात उतरायचं नाही, साडी वर धरून पाय बुडवायलासुद्धा नाही. तिथले सोनेरी उभे कडेही ठिसूळ आहेत. २०१२ मध्ये जवळच्या बर्टन ब्रॅडस्टॉकला दरड कोसळून एका तरुण मुलीचा जीव गेला. कड्याच्या पायथ्याशी सावलीत बसायचं नाही आणि वरून जाताना काठावर यायचं नाही. हा सल्ला कोणत्याही वयाच्या वाचकाला.

समुद्राचा माझा आवडता दिवस वेगळ्या ठिकाणी गेला. ताई, तुमच्या देवघरात शाळिग्राम आहे का? गंडकी नदीतून येणारा तो काळा दगड, आत चक्र असलेला. ते चक्र अमोनाईट नावाच्या प्राण्याच्या शंखाचं आहे, हिमालय समुद्राच्या तळाशी होता तेव्हाचं. ब्रिडपोर्टहून बसने चारमथला जा. तिथल्या किनाऱ्यावर, खडे आणि चिखल यांच्यामध्ये, तसलीच चक्रं सुटी पडलेली असतात. काही नाण्याएवढी, काही करंगळीच्या नखाएवढी. मी पहिलं उचललं तेव्हा हात आपोआप जोडले गेले. सुमारे एकोणीस-वीस कोटी वर्षांपूर्वीची ती आहेत. हा सगळा किनारा २००१ पासून जागतिक वारसा आहे, कारण इथल्या कड्यांत १८ कोटींहून अधिक वर्षांचा पृथ्वीचा इतिहास थरांनी वाचता येतो. चारमथला या किनाऱ्याची माहिती देणारं केंद्र आहे, तिथे जाणकार माणसं भेटतात. ती काय शोधायचं, काय उचलायला चालतं हे समजावून देतात आणि ओहोटीच्या वेळा बघून फेऱ्याही काढतात. सुटं पडलेलं उचलावं, कड्यावर हातोडी चालवू नये, आणि भरती चढायच्या आत माघारी यावं.

तिथून पुढचंच गाव लाइम रेजिस. १७९९ मध्ये तिथे एका सुताराच्या घरी मेरी ॲनिंग जन्मली. हीच चक्रं गोळा करून पर्यटकांना विकत तिने घर चालवलं. बारा-तेरा वर्षांची असताना भावाबरोबर तिने इक्थिओसॉर नावाच्या सागरी सरपटणाऱ्या प्राण्याचा सांगाडा शोधला, १८२३ मध्ये प्लेसिओसॉर या लांब मानेच्या सागरी प्राण्याचा पहिला पूर्ण सांगाडा. तिने शोधावं आणि मोठ्या घरच्या पुरुषांनी त्यावर निबंध वाचावेत, असंच चाललं. लंडनच्या भूवैज्ञानिक संस्थेत बाई म्हणून तिला प्रवेश नव्हता. १८४७ मध्ये ती गेली, आणि २०२२ मध्ये गावाने तिचा पुतळा उभारला. तुम्ही तीस वर्षं पोरींना शिकवलंत. त्या पुतळ्याशी थोडा वेळ उभ्या राहाल असं वाटतं.

खाण्याची चिंता खरी आहे, पण आवरता येण्यासारखी. घर भाड्याने घेतल्यामुळे स्वयंपाकघर हाताशी आहे, हॉटेलात राहण्यापेक्षा हे तुमच्यासाठी कितीतरी बरं. मुलीला विचारा, शेगडी इंडक्शनची आहे का. असेल तर ॲल्युमिनियमचा कुकर तिच्यावर तापणार नाही. भाजणी, मेतकूट, मसाले, डाळी न्या. तूप, पेढे, खवा काही नेऊ नका, भारतातून दुधाचे पदार्थ न्यायला तिथे बंदी आहे. ताजी भाजी, फळं, कढीपत्ताही इथेच ठेवा. बाहेर खाताना "व्हेजिटेरियन" म्हटलं की त्यात अंडं धरलेलं असतं. म्हणून "अंडं नाही" हे वेगळं सांगायचं. पदार्थात अंडं, दूध वगैरे आहे का, हे ग्राहकाला सांगणं दुकानदाराला कायद्याने बंधनकारक आहे, तेव्हा विचारायला संकोच नको. "व्हीगन" लिहिलेलं असेल तर अंडं आणि दूध दोन्ही नसतं. बटाट्याच्या तळलेल्या फोडींच्या दुकानात त्याच तेलात मासे तळतात का, तेल वनस्पतीचं आहे की गुरांच्या चरबीचं, हे नक्की विचारा. चीजमध्येही दूध गोठवायला जनावराच्या पोटातून काढलेला घटक वापरलेला असू शकतो, शाकाहारी अशी खूण बघून घ्या. आणि एकदा तरी स्कोन नावाच्या छोट्या गोडसर पावाबरोबर क्लॉटेड क्रीम खा, स्कोनमध्ये अंडं नाही याची खात्री करून. दूध मंद तापवून, पसरट भांड्यात निवत ठेवून वर जमते ती आपली सायच.

लोक बघतील का? बघतील, ताई. डॉर्सेटमध्ये आपल्यासारखी माणसं कमी दिसतात. माझ्याकडेही लोकांनी वळून पाहिलं, आणि एकदोन नजरा थंड होत्या, हे मी लपवणार नाही. पण बहुतेक जण पायवाटेवर समोरून आले की आपण होऊन "मॉर्निंग" म्हणतात. लंडनला कोणी म्हणत नाही. आपणही म्हणावं आणि पुढे चालावं. तिसऱ्या दिवशी पाववाल्या बाईने मला काल नेला तसाच पाव हवा का विचारलं. मोठ्या शहरात तीन दिवसांत कोणी आपल्याला ओळखू लागत नाही. तुम्ही आपल्या नेहमीच्या कपड्यांत जा, फक्त वर गरम काहीतरी आणि पावसाचं जाकीट असू द्या. त्या किनाऱ्यावर जूनमध्येही वारा बोचतो.

गुडघ्यांसाठी आजच एक गोष्ट विचारा: झोपायची खोली आणि शौचालय खाली आहे की वर. जुन्या इंग्लिश घरांचे जिने अरुंद आणि उभे असतात. वर असेल तर अजून वेळ आहे, मुलगी घर बदलू शकेल. प्रवासाचा आरोग्य विमा इथूनच काढून जा, पाहुण्यांना तिथे रुग्णालयाचा खर्च भरावा लागतो आणि तो मोठा असतो.

पॅरिस-स्वित्झर्लंडबद्दल. यजमानांची इच्छा मी मोडीत काढत नाही. ६७ व्या वर्षी पहिल्यांदा निघालेल्या माणसाला जग बघायची घाई असणं स्वाभाविक आहे, आणि शेजाऱ्यांच्या फोटोंनी ती वाढणंही. पण इंग्लंडच्या व्हिसावर फ्रान्स किंवा स्वित्झर्लंडमध्ये जाता येत नाही. त्याला शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एक असलेला व्हिसा, वेगळा लागतो आणि पाहुण्याने तो निघण्याआधी भारतातूनच काढायचा असतो. मुंबई-पुण्याच्या चकरा, कागदपत्रं, दोघांचं शुल्क, हे सगळं जूनच्या आत. होईल, पण त्यासाठी या आठवड्याचा बळी कशाला? तुमच्याकडे तीन आठवडे आहेत. ब्रिडपोर्टचे सात दिवस सोडले तरी चौदा उरतात. त्यातले चार-पाच दिवस लंडनला द्या, आणि ते कसे घालवायचे हे पूर्णपणे यजमानांनी ठरवावं, यादी त्यांची, क्रम त्यांचा. त्यांचा खरा राग कदाचित ब्रिडपोर्टवर नसेलच. पहिल्या परदेश प्रवासाची आखणी झाली आणि त्यांना कोणी विचारलं नाही, हे त्यांना लागलं असेल. चाळीस वर्षं ज्यांच्या सहीशिवाय कागद हलला नाही, त्यांना हे जास्त लागतं. मुलीला हे सांगा, हळूच. तिने एकदा फोन करून "बाबा, लंडनचं तुम्ही ठरवा" एवढं म्हटलं तरी निम्मी गाठ सुटेल. युरोप पुढच्या वर्षी वेगळा करा, शेंगेनची तयारी निवांत करून. आणि रद्दच करायचं ठरलं तर घराचे किती पैसे परत मिळतात हे आधी विचारून घ्या, जूनसारख्या हंगामात बहुतेक वेळा फार मिळत नाहीत.

तुम्ही विचारलंत, कोणाची बाजू घेऊ. ताई, या तिघांच्या प्रवासात तुम्हाला स्वतःला काय बघायचं आहे, हे तुमच्या साडेतीन पानांत एकदाही आलं नाही. दोघांच्या मधे उभं राहून निवाडा करायची सवय आईला लागते, तशी ती तुम्हालाही लागली आहे. एका कागदावर तुमची स्वतःची एक गोष्ट लिहा. चारमथचं चक्र असेल, मेरीचा पुतळा असेल, नाहीतर लेकीबरोबर बाकावर बसून नुसता समुद्र बघणं असेल. आणि ती दोघांना फोनवर वाचून दाखवा, तुमची म्हणून.

या रविवारी मुलीशी बोलाल तेव्हा यजमानांनाही शेजारी बसवा. त्याआधी माळ्यावर किंवा गावच्या घरात घायपाताचं जुनं दावं आहे का, त्यांना शोधायला सांगा. सापडलं तर हातभर तुकडा कापून बॅगेत टाका. साउथ स्ट्रीटवरच्या त्या संग्रहालयात शिराल, तेव्हा तो त्यांच्या खिशात असू द्या.